शेवटच्या पानावरचे शेरे

या अंकाच्या संपादकबाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या ज्ञानयज्ञाबद्दल आमच्यासाठी चार पानं लिहा." मी मागं वळून बघितलं. वाटलं, माझ्यामागं दुसरं कुणी उभं आहे. मग बाईंनी दोन पुस्तकं उचलली. एकावर साठ लिहिलं होतं, दुसऱ्यावर चाळीस. "दोन्हीचे मिळून सत्तर घ्या, आता तुम्ही आमचे लेखक आहात," म्हणाल्या. लेखक झालं की माणसाचे तीस रुपये जातात, हे मला त्या दिवशी कळलं. तरी लिहितो आहे.

माझं दुकान संत तुकाराम नगरात भाजीवाल्यांची रांग संपते तिथं, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. 'होतं' म्हणतो, कारण आता मुलगा बसतो आणि त्यानं निम्म्या जागेत मोबाइलची कव्हरं लावलीत. ती जास्त खपतात. मी त्याआधी भोसरीच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. शाफ्ट मोजायचा, पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. कंपनीला चाकणला मोठी जागा मिळाली आणि तिथं नेताना मशीनं नेली, आम्हाला नेलं नाही. घरी बसलो तर बायको रोज माझंच इन्स्पेक्शन करायची, म्हणून बाहेर पडलो. पुस्तकांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. कांदे ठेवायला गेलो असतो, पण कांदा नासतो. पुस्तक कितीही नासकं असलं तरी वास येत नाही.

धंदा सोपा आहे. पुस्तकं रद्दीवाल्याकडून येतात आणि रद्दीवाल्याकडं ती तीन कारणांनी येतात. घरातलं माणूस जातं, घरातल्या माणसाची बदली होते, किंवा घर मोठं होतं. तिसरं कारण सगळ्यात जोरात. दोन खोल्यांत चाळीस वर्षं मावलेली पुस्तकं तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. रद्दीवाला किलोवर घेतो, मला किलोवर देतो, मी नगावर विकतो. निम्मा माल स्पर्धा परीक्षांचा, ती मुलं बिचारी घासाघीस करत नाहीत, नुसतं विचारतात, "याच्यातून कोणी पास झालंय का?" पाव माल आळंदीकडून येणारा, पोथ्या आणि प्रवचनं. उरलेला पाव म्हणजे ज्याला लोक साहित्य म्हणतात. भाव मात्र पुस्तकाकडं बघून ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून ठरतो. ज्यानं पुस्तक उचलून लगेच खाली ठेवलं आणि मग तीनदा त्याच्याकडं चोरून बघितलं, त्याला वीस रुपये जास्त.

शेडचे मालक नाना. पिढीजात इथलेच. जमीन कारखान्यांत गेली, उरलेली बिल्डरकडं गेली आणि नाना दिवसभर माझ्या शेडपुढं खुर्ची टाकून बसायला मोकळे झाले. भाडं वेळेवर घ्यायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे.

"काय राव, ह्या रद्दीला गिऱ्हाईक येतंच कसं? माणसं येडी हायती का?"

"आहेत की नाना," मी म्हणायचो. "म्हणून तर तुमचं भाडं निघतं."

स्वस्तात पुस्तकं शोधणारा माणूस ही जातच वेगळी. तो नव्या पुस्तकांच्या दुकानात तासभर फिरून भाव बघून येतो आणि माझ्याकडं येऊन म्हणतो, "तिथं पन्नासनं कमी होतं." तिथंच का घेतलं नाही, असं विचारायचं नसतं. हॉलमध्ये किलोवर पुस्तकांचं प्रदर्शन लागतं तेव्हा हाच माणूस वजन भरावं म्हणून शेवटी एक जाड पुस्तक घालतो, कुठल्याही भाषेतलं. एक आयटीवाले साहेब दर शनिवारी यायचे, ढिगापुढं बसून व्हिडिओ कॉलवर बायकोला पुस्तकं दाखवायचे, आणि ती पलीकडून ओरडायची, "आधीची वाचली का?" साहेब आवाज बंद करायचे आणि तीन घ्यायचे.

पण या सगळ्यांचे गुरू म्हणजे मोहोळकर सर. चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी दहाच्या ठोक्याला हजर. अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवी रिकामी आहे हे ते आल्या आल्या झटकून दाखवायचे, म्हणजे मी जाताना झडती घेऊ नये. आवडलेलं पुस्तक लगेच घ्यायचे नाहीत. ते 'डिझेल इंजिनाची देखभाल' असल्या पुस्तकांच्या ढिगाच्या तळाशी लपवायचे आणि दोन रविवार थांबायचे. तिसऱ्या रविवारी तिथनंच काढून माझ्यापुढं आपटायचे.

"हे तीन आठवडे पडून आहे तुमच्याकडं. कोणी घेत नाही. दहा रुपये."

"सर, ते तुम्हीच लपवलं होतं."

"पुरावा?"

पुरावा माझ्याकडं असायचा, कारण मी त्यांना लपवताना बघितलेलं असायचं. पण जिंकू द्यायचो. दहाचं पुस्तक पिशवीत घालताना त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसायचा, तसा मी कंपनीत बोनसच्या दिवशीही कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता. पुस्तकावर नाव मात्र ते कधी घालायचे नाहीत. "नाव घातलं की परत विकताना भाव पडतो," म्हणायचे. परत विकलेलं मी एकही बघितलं नाही. एकदा विचारलं, "सर, एवढी वाचता कधी?" सर म्हणाले, "घरात वाचली जातात." मला वाटलं, तेच वाचत असतील.

मागच्या वर्षी त्यांच्या मिसेस गेल्या. सर चार रविवार आले नाहीत, पाचव्या रविवारी आले, काही लपवलं नाही, काही घेतलं नाही. मग मुलाकडं राहायला गेले, असं कळलं. त्यानंतर आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं नाशिकला गेले, तिथंच दोन-अडीच महिने राहिले.

त्याच दिवसांत माझ्याकडं रद्दीवाल्यानं चार पोती आणली. वाकडकडचा माल म्हणाला, "फ्लॅट बदलला, साहेबांनी सगळं काढून टाकलं. म्हणत होते, मोबाइलमध्ये मिळतं सगळं." पोती चांगली होती. कथा-कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, थोडं नाटक. कुठंच नाव नाही. मी भाव टाकायला म्हणून एक उघडलं, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक, गोल अक्षरात लिहिलेलं होतं:

'नायिका रडते. मी जांभया देते.'

दुसरं उघडलं. 'लेखकाला घरच्यांनीच समजवायला हवं होतं.'

तिसरं. 'दहाला दोन मिळाली म्हणून आणली. एकच आणलं असतं तरी चाललं असतं.'

मी स्टुलावर बसलो आणि चारही पोत्यांची शेवटची पानं वाचून काढली. कंपनीत बावीस वर्षं पास-नापास केलं, पण असं चोख इन्स्पेक्शन मी बघितलं नव्हतं. नापासच जास्त. कुणी मोठा लेखक म्हणून सूट नाही. एका जाडजूड कादंबरीवर, जिच्या मुखपृष्ठावरच चार बक्षिसांची नावं होती, एवढंच लिहिलं होतं: 'उशाला बरी.' आणि एका कुणाला न माहीत असलेल्या पातळशा पुस्तकावर: 'चांगलं आहे. ह्यांना सांगायचं नाही, नाहीतर अशीच आणखी दहा आणतील.'

मी काय केलं? धंदा केला. प्रत्येक शेरा जाड अक्षरात कागदावर उतरवला आणि पुस्तकावर टाचून पुस्तकं दर्शनी भागात लावली. माझ्या आयुष्यात असा खप झाला नाही. माणसं पुस्तक बघेनात, शेरे वाचून हसायची आणि घेऊन जायची. जे पुस्तक नापास झालं होतं ते जास्त जायचं. आयटीवाल्या साहेबांनी 'उशाला बरी'साठी घासाघीससुद्धा केली नाही. मीही रंगात येऊन सांगायचो, "या बाईंचा नवरा भंगार आणून घालायचा बघा घरात, बाई हैराण!" लोक टाळ्या द्यायचे. नाना खुर्चीवरनं म्हणायचे, "बाई लई खवट व्हती, पर खरं बोलायची."

नानांच्याच जावयाची पुनावळ्यात एक स्कीम चालू होती. बावीस मजली. नाना एके दिवशी म्हणाले, "आमच्या जावयाला शोसाठी पुस्तकं पायजेत. नमुन्याचा फ्लॅट सजवायचा हाय. फुटावर देतो का?"

"फुटावर म्हणजे?"

"म्हंजी कपाटाची रुंदी मोजायची. बारा फूट भरलं पायजे. तांबडी, तपकिरी असली तर लई झ्याक, सोफ्याला म्याच व्हतील."

किलोवर घेऊन नगावर विकणारा मी, त्या दिवशी फुटावरही विकली. टेप लावून बारा फूट तांबडी-तपकिरी पुस्तकं मोजून दिली. त्यात जुने कायद्याचे खंड होते, कुणाचे तरी बांधून घेतलेले हिशेबाच्या परीक्षेचे पेपर होते आणि त्या पोत्यांतलं तांबड्या कापडी बांधणीचं एक पुस्तकही गेलं. त्याच्या शेवटच्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं. शेरा नाही म्हणजे खप नाही. दिलं.

मग एका रविवारी दहाच्या ठोक्याला सर हजर. डोळ्यांवर हिरवा चष्मा, अंग थोडं वाळलेलं. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, या माणसाला हसवायचं.

"सर, या. तुम्ही नव्हता तेव्हा एक खजिना आलाय. ऐका." मी हाताला आलेलं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'हे म्हणाले, अर्ध्या किमतीत मिळालं. वाचून झाल्यावर कळलं, अर्धंच पुस्तक आहे. शेवटची साठ पानं गायब.'" आणि माझं ठरलेलं पुढचं बोललो, "काय सर, असला नवरा असेल तर बाईनं काय करावं?"

आजूबाजूची दोन-तीन माणसं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला.

"अक्षर दाखवा."

हिरवा चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिले. मग पुस्तक उलटं-सुलटं केलं, पाठीवर हात फिरवला.

"हे आमच्या घरचं आहे," ते म्हणाले. "ही लिहायची हे मला माहीतच नव्हतं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली असं लिहायची पद्धत आहे. जमीन जागेवरच होती. मी कुठं बघावं ते मला कळेना, एवढंच. नाना पहिल्यांदाच खुर्चीवरनं उठून आत आले आणि पाण्याचा तांब्या सरांपुढं धरला.

"सर, तुम्ही वाचताना कधी शेवटचं पान..." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"मी कुठं वाचतो?" सर म्हणाले. "मी शोधायचो. वाचायची ती. मी म्हणायचो, बघ, केवढ्याला आणलं! ती म्हणायची, बरं. मला वाटायचं, खूश आहे."

चाळीस वर्षं हा माणूस ढिगात हात घालून पुस्तकं उपसत होता आणि त्यातलं एकही त्यानं वाचलं नव्हतं. मी तर विकणारा, मला न वाचायचा हक्कच आहे. पण शिकाऱ्यानंही शिकार कधी चाखलेली नाही, हे ऐकून मला हसू येत होतं आणि हसायची सोय उरली नव्हती.

"किती?" सरांनी विचारलं.

"सर, घेऊन जा. सगळी न्या."

"फुकट नको. भाव सांगा."

"वीस."

"दहा," सर म्हणाले. मी पंधरावर आलो, ते बारावर आले. बाराला त्यांनी स्वतःचं पुस्तक विकत घेतलं.

सर नाशिकला असताना पोती काढणारे वाकडचे साहेब म्हणजे त्यांचाच मुलगा; त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये सरांना एक कपाट होतं, त्यात औषधं. म्हणून ते एका वेळी दोनच न्यायचे. पण चार पोत्यांतली निम्म्याहून जास्त मी विकून बसलो होतो. मी पाटी लावली: 'शेवटच्या पानावर पेन्सिलीचा शेरा असलेली पुस्तकं परत घेतो. दुप्पट भाव.' आठवड्यात पंधरा पुस्तकं आली. मी हरखलो. सरांनी एकेक उघडून बघितलं आणि नऊ बाजूला काढली.

"ही खोटी."

"कशावरून?"

"हे बघा. 'अप्रतिम, मनाला भिडणारं.' तिनं अप्रतिम हा शब्द जन्मात वापरला नाही. आमच्या लग्नाच्या फोटोलासुद्धा ठीक म्हणाली होती."

शाफ्ट तपासताना मीही इतका खात्रीनं बोललो नसेन. दुप्पट भाव मिळतो म्हटल्यावर आमच्या भागातल्या नऊ सुशिक्षितांनी घरातली पेन्सिल काढली होती. एकानं तर पंचांगावर शेरा मारून आणला होता.

खऱ्या सहातही सरांना हवं होतं ते नव्हतं. ते ढीग खालीवर करायचे आणि शेवटी एकदा बोलले. "तांबड्या कापडाची बांधणी होती. हॉस्पिटलात तिच्या उशाशी असायचं. शेवटचं तेच. त्यावर काय लिहिलंय ते बघायचं होतं."

त्यावर काही नाही हे मला माहीत होतं, मी बघून दिलं होतं. पण ते सांगायचं तर कुठं दिलं तेही सांगावं लागणार. सांगितलं.

"फुटावर?" सर म्हणाले. गणिताच्या शिक्षकाला या मापाची कल्पना नव्हती.

मंगळवारी आम्ही निघालो. एरवी नानांनी जावयाला फोन केला असता, पण जावयाशी त्यांचं तेव्हा जमिनीवरून बिनसलं होतं. "तुमी गिऱ्हाईक म्हनून जावा," त्यांनी सल्ला दिला. "फ्लॅट बघायला जानाऱ्याला कोन न्हाई म्हनतंय?" बसनं डांगे चौक, तिथनं शेअर रिक्षा. गेटवर आमची नावं लिहून घेतली, बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, हातात संत्र्याचा रस दिला. इतका मान मला कंपनीच्या निरोप समारंभात मिळाला नव्हता.

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी होती. पंचविशीची, कोट घातलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र: वैष्णवी. बोलण्यावरून परभणीकडची. तिनं आम्हाला हॉल दाखवला, किचन दाखवलं. टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं. सरांनी सवयीनं चौरस फुटाचा भाव विचारला, मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "जास्त आहे. जिन्याची जागा दोनदा मोजलीत."

"सर, ते सगळेच तसंच मोजायलेत," ती म्हणाली.

मग आली स्टडी रूम. भिंतभर कपाट, पिवळा दिवा आणि माझी बारा फूट पुस्तकं. सर जवळ गेले. एक तांबडं दिसलं म्हणून ओढलं, तर शेजारची सहा-सात सोबत हलली. परत ओढलं. कुणीतरी पुस्तकाला पुस्तक डिंकानं चिकटवलं होतं, धूळ पुसायला सोपं जावं म्हणून.

"काढायची नाहीत, सर. ती शोची आहेत," वैष्णवी म्हणाली.

सर ऐकेनात. एका टोकापासून बोट फिरवत गेले आणि मध्यावर थांबले. तिथं एक फट होती आणि फटीत प्लॅस्टिकच्या झाडाची छोटी कुंडी खोचली होती.

"इथं एक तांबडं होतं. कापडी. कुठं गेलं?"

तिनं दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅनेजर सरांना सांगू नका, प्लीज. ते मी वाचायलेय."

"काय?"

"दिवसभर कुणी येत नाही इथं. मोबाइल वापरू देत नाहीत. बसून बसून काय करावं मग? स्टीलच्या पट्टीनं सोडवलं एक. कडेचं निघत नव्हतं, हे निघालं." आणि ती नमुन्याच्या किचनमध्ये गेली, नमुन्याचा ड्रॉवर उघडला आणि आतून माहितीपत्रकात गुंडाळलेलं पुस्तक काढून आणलं.

सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. शेवटचं पान उघडलं. कोरं. मागचं-पुढचं बघितलं. कोरंच. मी प्लॅस्टिकच्या सफरचंदांकडं बघत उभा राहिलो.

"तिचं संपलंच नव्हतं," सर स्वतःशीच म्हणाले.

"सर, एका पानाचा कोपरा दुमडलेला होता," वैष्णवी म्हणाली. "मी सरळ नाही केला. कुणीतरी तिथवर वाचलं असेल म्हणून." तिनं पान काढून दिलं. "मी त्याच्या पुढं गेलेय. थोडंच राहिलंय."

"चांगलं आहे का?"

तिनं पानांची जाडी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "पहिली चाळीस पानं नुसती ओढायची. मग येतं बघा असं, की सोडवत नाही."

मोहोळकर सर नमुन्याच्या सोफ्यावर बसले. "दुमडलं आहे तिथनं वाच," म्हणाले. "मला अजून बारीक अक्षर वाचायची परवानगी नाही."

ती मुलगी उभ्यानंच वाचायला लागली. आधी भरभर, फ्लॅटची माहिती द्यावी तसं, मग हळूहळू नीट. मध्ये एक कुटुंब घर बघायला आलं; तिनं पान बोटानं धरून ठेवलं, त्यांना मास्टर बेडरूम दाखवली, परत आली. मी एरवी पाच मिनिटांत जांभई दिली असती. दिली नाही. त्या कादंबरीतला माणूस त्याच्या भावाकडं निघाला होता आणि तो पोचतो की नाही ते मला कळायला हवं होतं.

पोचायच्या आधीच खालून मॅनेजरचा फोन आला. वैष्णवीनं पुस्तक मिटून सरांपुढं धरलं. "घ्या, तुमचं आहे."

आता भाव सुरू होणार, असं मला वाटलं. सरांनी पुस्तक तिच्याकडं परत सरकवलं.

"तू संपव. मी पुढच्या मंगळवारी येतो. शेवट सांगायचा नाही, वाचायचा."

रिक्षात बसल्यावर मीच म्हटलं, "सर, तो भावाकडं पोचत असेल ना?" ते म्हणाले, "तुमचं दुकान आहे ना पुस्तकांचं? मग मला काय विचारता?" तेवढं मला लागलं. लागायलाच हवं होतं.

त्यानंतर माझं एक गिऱ्हाईक कायमचं गेलं. सर रविवारी येईनासे झाले आणि मंगळवारी पुनावळ्याला जायला लागले. औषधांच्या कपाटात ठेवलेली दोन-दोन पुस्तकं न्यायचे आणि वैष्णवी ती वाचायची. स्कीममधले फ्लॅट संपले, नमुन्याचा फ्लॅटही कुणीतरी पुस्तकांसकट विकत घेतला, आणि त्या मुलीची बदली बिल्डरच्या चाकणच्या साइटवर झाली. सर चाकणला जायला लागले. डोळ्यांवरची वाचायची बंदीही उठली होती. तीन-चार वेळा नानांनी विचारलं, "ते मास्तर कुठं गेलं?" मी म्हटलं, "वाचायला." नाना म्हणाले, "अरारा! एवढा हिशेबी मानूस!"

परवा मी भोसरीला पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो. चाकणकडं जाणाऱ्या गाड्यांच्या थांब्यावर सर दिसले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायाशी पिशवी, हातात उघडं पुस्तक. बाजूला कंपनीच्या शिफ्टची माणसं ढकलाढकली करत होती. मी हाक मारणार, तेवढ्यात चाकणची बस आली. दार उघडलं, माणसं चढली, कंडक्टर दोनदा ओरडला. सरांनी पान उलटलं. बस निघून गेली आणि तरी त्यांची मान वर झाली नाही.

तासभर दुसरी गाडी नव्हती. म्हणजे त्यांना रिक्षाच करावी लागली असणार, आणि तिथला रिक्षावाला दोनशेच्या खाली येत नाही. मोहोळकर सरांना स्वस्तातलं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदाच महाग पडलं.